दाव्यास कारण आणि हद्द : आयर्लंडच्या सीमेवरील एका अभ्यासवर्गाविषयी

नारायण पेठेतील एका जुन्या संस्थेने गेल्या पावसाळ्यात सलग चार शनिवार एक सशुल्क अभ्यासवर्ग घेतला. ब्रेक्झिटनंतर, म्हणजे ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यानंतर, आयर्लंडच्या सीमाभागात कायद्याचे आणि हक्कांचे काय झाले, हा त्याचा विषय होता. शुल्क ₹१,८००, वेळ संध्याकाळी साडेपाच ते आठ, मध्ये चहा आणि सोबत टिपणांची एक वही. संस्थेचे आणि शिकवणाऱ्या प्राध्यापकांचे नाव येथे देत नाही, कारण पुढे काही तक्रारी मांडायच्या आहेत. त्या मी कार्यालयात लेखी दिल्या आहेत आणि तेवढे पुरे आहे. दुसरी तुकडी काढण्याचा त्यांचा विचार असल्याचे कळले. ज्यांनी दारावरचा फलक पाहिला असेल त्यांना मी कशाविषयी लिहितो आहे हे समजेलच.

मी शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात दिवाणी बाजूचे काम करतो. आयर्लंडशी माझा संबंध एवढाच की माझी भाची लेटरकेनी या गावी रुग्णालयात परिचारिका आहे. हे गाव डोनेगल काउंटीत, म्हणजे आयर्लंड बेटाच्या वायव्य टोकाला आहे. आणि गंमत अशी की युनायटेड किंगडमचा (ब्रिटनचा) भाग असलेल्या उत्तर आयर्लंडपेक्षाही उत्तरेकडे पोहोचणारी ही काउंटी तिथल्या बोलण्यात मात्र ‘दक्षिणेत’, म्हणजे आयर्लंड प्रजासत्ताकात मोडते. तिथून डब्लिनला जाणारी नेहमीची बस लिफर्डचा पूल ओलांडून स्ट्रॅबेनमध्ये शिरते, ओमामार्गे ब्रिटिश हद्दीतून बराच वेळ धावते आणि मोनाहनच्या अलीकडे पुन्हा प्रजासत्ताकात येते. ‘‘मामा, मध्ये कोणी पासपोर्ट बघत नाही. मग मला ब्रिटनचा व्हिसा लागतो की नाही?’’ असे तिने फोनवर विचारले, तेव्हा तीस वर्षे वकिली करूनही मला उत्तर देता आले नाही. वर्गाला नाव घातले ते या एका प्रश्नासाठी. उत्तर मिळाले, पण ते कसे आणि किती उशिरा मिळाले हे शेवटी सांगतो.

पहिल्या शनिवारी टिपणांची वही हाती आली आणि पहिल्याच पानावर घोटाळा निघाला. मूळ रंगीत नकाशाची काळी-पांढरी झेरॉक्स काढल्यामुळे प्रजासत्ताक आणि उत्तर आयर्लंड हे दोन्ही भाग एकाच राखाडी रंगात उमटले होते आणि त्यांच्यामधली सीमारेषा कुठेच दिसत नव्हती. सरांनी वही उलटून पाहिली आणि म्हणाले, ‘‘झेरॉक्सवाल्याने नकळत खरा नकाशा काढला आहे. तिथे गेलात तर असेच दिसते.’’ मग त्यांनी फळ्यावर खडूने ती वेडीवाकडी रेषा काढली आणि पुढचा पाऊण तास केवळ तिच्याविषयी बोलले. हा पाऊण तास संपूर्ण वर्गातला उत्तम भाग होता.

ही सीमा सुमारे ५०० किलोमीटर लांब असून ती ओलांडणारे रस्ते दोनशेहून अधिक आहेत. १९२१ मध्ये आयर्लंडची फाळणी झाली तेव्हा नवी रेषा आखली गेलीच नाही. सहा काउंटींच्या जुन्या महसुली हद्दींनाच आंतरराष्ट्रीय सीमेचा दर्जा मिळाला. जी रेषा शेताच्या बांधावरून आणि ओढ्याच्या मधून जात होती ती तशीच राहिली, आणि तिच्या दोन बाजूंना दोन राज्ये आली. रेषा दुरुस्त करण्यासाठी नेमलेल्या सीमा आयोगाचा अहवाल १९२५ मध्ये वर्तमानपत्रात फुटला, दोन्ही सरकारांनी तो गुंडाळून ठेवला आणि रेषा होती तिथेच राहिली. पेटिगो या गावाच्या मधून एक छोटी नदी वाहते. नदीच्या एका तीरावर प्रजासत्ताक आणि दुसऱ्या तीरावर युनायटेड किंगडम. क्लोन्सकडून कॅव्हनकडे जाणारा एक रस्ता अवघ्या काही किलोमीटरांत चार वेळा सीमा ओलांडतो. आज तिथे ना चौकी आहे ना फाटक. गाडी चालवणाऱ्याला कळते ते एवढ्यावरून, की रस्त्याच्या कडेची तुटक पिवळी रेघ पांढरी होते आणि वेगमर्यादेच्या पाटीवरचा आकडा किलोमीटरऐवजी मैलांत येतो.

हे चित्र पूर्वी असे नव्हते. १९२३ च्या एप्रिलपासून १९९२ अखेरपर्यंत या सीमेवर जकात नाकी होती, आणि उत्तर आयर्लंड कोणत्या देशात असावे या वादातून पेटलेल्या हिंसाचाराच्या तीन दशकांत त्यांच्या जोडीला लष्करी तपासणी चौक्या, टेहळणीचे मनोरे आणि मुद्दाम उखडून बंद केलेले रस्ते आले. त्या काळात साडेतीन हजारांहून अधिक माणसे मारली गेली. पुढे ही सीमा पुसट झाली ती दोन वेगवेगळ्या कारणांनी, आणि सरांनी ती दोन कारणे नीट वेगळी करून दाखवली. ब्रिटन आणि आयर्लंड १ जानेवारी १९७३ रोजी एकाच दिवशी युरोपीय समुदायात गेले आणि १९९३ च्या आरंभी एकल बाजारपेठ अस्तित्वात आल्यावर जकात नाक्यांचे कामच उरले नाही. लष्कर मात्र तेव्हाही होते. ते गेले १० एप्रिल १९९८ च्या गुड फ्रायडे या शांतता करारानंतर. पहिल्या कारणाने माल मोकळा झाला आणि दुसऱ्याने माणसे. ब्रेक्झिटने थेट धक्का दिला तो पहिल्याला, पण दोन्हींची मुळे एकमेकांत गुंतलेली असल्यामुळे दुसरेही हलले. २३ जून २०१६ च्या सार्वमतात संपूर्ण देशाने ५१.९ टक्के मतांनी बाहेर पडण्याचा कौल दिला. उत्तर आयर्लंडने मात्र ५५.८ टक्के मतांनी राहण्याचा कौल दिला होता. त्या कौलाला कायद्यात किती वजन, या प्रश्नावर ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २४ जानेवारी २०१७ रोजी एकमताने सांगितले की संघातून बाहेर पडण्यासाठी उत्तर आयर्लंडच्या विधानसभेची संमती कायद्याने आवश्यक नाही. त्याच निकालात पार्लमेंटची संमती मात्र आठ विरुद्ध तीन अशा बहुमताने आवश्यक ठरवण्यात आली होती.

येथे सरांनी एक वाक्य उच्चारले आणि मागच्या बाकावर बसलेल्या आम्हा चार-पाच वकिलांच्या माना एकदम वर झाल्या. ते म्हणाले की दिवाणी दाव्याच्या अर्जात शेवटाकडे ‘दाव्यास कारण व हद्द’ असा जो परिच्छेद असतो, तो ज्युनिअर मंडळी जुन्या अर्जावरून डोळे झाकून उतरवून काढतात. ब्रेक्झिटने सीमाभागातल्या प्रत्येक माणसाचा नेमका तोच परिच्छेद बदलला. दाव्यास कारण घडले कुठे, कधी, आणि ते सदर कोर्टाचे स्थळसीमेत येते काय? संघात असताना हा प्रश्न कोणाला फारसा पडत नसे, कारण रेषेच्या दोन्ही बाजूंना एकच वरचा कायदा होता आणि अर्थ लावण्याबाबत शेवटचा शब्द युरोपीय संघाच्या लक्झेंबर्गमधील न्यायालयाचा होता. संघ सुटल्यावर हक्कांची यादी बरीचशी तशीच राहिली, पण कोणत्या हक्कासाठी कोणते दार ठोठवायचे हे नव्याने शिकावे लागले. पुढचे तीनही शनिवार मी याच कसोटीवर सरांना तपासत गेलो, आणि त्यांचे गुण व दोष दोन्ही तिथेच सापडले.

दुसरा शनिवार नागरिकत्वाचा होता. १९९८ च्या करारानुसार उत्तर आयर्लंडमध्ये जन्मलेल्या माणसाला स्वतःला आयरिश, ब्रिटिश किंवा दोन्ही म्हणवून घेण्याचा आणि तसे स्वीकारले जाण्याचा जन्मसिद्ध हक्क आहे. ब्रेक्झिटपूर्वी या निवडीने रोजच्या व्यवहारात फारसा फरक पडत नसे, कारण दोन्ही पासपोर्ट युरोपीय संघाचेच होते. आता एकाच गल्लीत शेजारी राहणाऱ्या दोघांपैकी आयरिश पासपोर्ट असलेला उद्या पॅरिसमध्ये जाऊन हक्काने नोकरी करू शकतो आणि केवळ ब्रिटिश पासपोर्ट असलेल्याला व्हिसाच्या रांगेत उभे राहावे लागते. तरीही त्या पहिल्याची सनद पूर्ण नाही: तो युरोपीय नागरिक आहे, पण उत्तर आयर्लंडमधून युरोपीय संसदेत जाणारे तीन सदस्य आता नाहीत, म्हणून जिथे तो राहतो तिथून त्याला मत देता येत नाही.

या विषयावर सरांनी एक खटला फार बारकाईने उलगडला. उत्तर आयर्लंडमधील एका महिलेने अमेरिकन पतीला सोबत ठेवण्यासाठी आयरिश, म्हणजेच युरोपीय, नागरिक या नात्याने अर्ज केला. गृहखात्याने सांगितले की १९८१ च्या नागरिकत्व कायद्याने तुम्ही जन्मतः ब्रिटिश आहात, तेव्हा आधी ते नागरिकत्व सोडा. करारात निवडीचा हक्क असताना जे कधी घेतलेच नाही ते सोडायचे कसे, हा तिचा प्रश्न होता. ऑक्टोबर २०१९ मध्ये अपिली न्यायाधिकरणाने तिच्या विरोधात निकाल दिला, कारण आंतरराष्ट्रीय करार पार्लमेंटच्या कायद्यात उतरल्याशिवाय न्यायालयात चालत नाही. पुढे मे २०२० मध्ये गृहखात्याने आपले नियम बदलले आणि आधीपासून ब्रिटनमध्ये असलेल्या युरोपीयांना तिथे राहू देणाऱ्या योजनेपुरते उत्तर आयर्लंडच्या अशा नागरिकांना युरोपीय नागरिकांसारखे धरले. नागरिकत्वाचा कायदा मात्र आहे तसाच आहे. चहाच्या वेळी एका सेवानिवृत्त तहसीलदारांनी यावर शेरा मारला की हे म्हणजे सातबारावर नाव तसेच ठेवून वहिवाट मान्य करण्यासारखे झाले. मला ही उपमा पुरेपूर पटली नाही, पण वर्गात ती सर्वांच्या लक्षात राहिली.

याच दिवशी सीमेपलीकडे रोज कामाला जाणाऱ्यांचा विषय निघाला आणि तो सरांनी अर्ध्यावर सोडला. ब्रिटिश आणि आयरिश नागरिकांना ‘समान प्रवास क्षेत्र’ नावाची १९२० च्या दशकापासून चालत आलेली व्यवस्था आहे. तिच्यामुळे एकमेकांच्या देशात राहणे, काम करणे, उपचार घेणे चालू राहते. ८ मे २०१९ रोजी दोन्ही सरकारांनी तिची लेखी उजळणी केली, पण तो सामंजस्याचा दस्त आहे, बंधनकारक करार नाही. ब्रिटनने २०२० मध्ये कायदा करून आयरिश नागरिकांना परवान्याविना राहण्याची मुभा पक्की केली, हे त्यातल्या त्यात ठोस. प्रश्न आहे तो या दोन्हींपैकी काहीच नसलेल्यांचा. डोनेगलमध्ये राहणारा पोलिश सुतार ३१ डिसेंबर २०२० पूर्वी सीमेपलीकडच्या डेरी या उत्तर आयर्लंडमधील शहरात कामाला जात असेल, तर त्याला सीमापार कामगाराचा परवाना काढून ते काम चालू ठेवता येते. त्याच गल्लीतल्या दुसऱ्या पोलिश सुताराला २०२१ मध्ये डेरीत नवे काम मिळाले, तर त्याला व्हिसाच्या वाटेने जावे लागते, जरी दोघांचे रंधे, भाषा आणि पासपोर्ट सारखेच असले. दाव्यास कारण कोणत्या तारखेला घडले यावर सारे ठरते, ही गोष्ट मुदतीच्या कायद्यावर पोट भरणाऱ्या आम्हा लोकांना नवी नाही. पण या माणसांना दाद कुठे मागता येते, यावर सरांनी दहा मिनिटेही दिली नाहीत.

तिसऱ्या शनिवारी त्यांनी ती कसर भरून काढली. विषय होता ब्रिटन व युरोपीय संघ यांच्यातील माघार करारासोबतच्या आयर्लंडविषयक पूरक कराराचे (प्रोटोकॉलचे) कलम २. हा पूरक करार २७ फेब्रुवारी २०२३ नंतर विंडसर आराखडा या नावाने ओळखला जातो. या कलमात युनायटेड किंगडमने असे बंधन स्वीकारले आहे की १९९८ च्या करारातील ‘हक्क, संरक्षणे आणि संधीची समानता’ या भागात मांडलेल्या हक्कांमध्ये संघ सोडल्यामुळे घट होणार नाही. त्याला जोडलेल्या परिशिष्टात समानतेविषयीचे सहा युरोपीय निर्देश आहेत, आणि युरोपात ते सुधारले गेले तर उत्तर आयर्लंडलाही त्या सुधारणांमागे जावे लागते. लंडनमध्ये युरोपीय हक्कांची सनद २०१८ च्या कायद्याने देशांतर्गत कायद्यातून काढून टाकली गेली. बेलफास्टमध्ये, म्हणजे उत्तर आयर्लंडच्या राजधानीत, मात्र या कलमाच्या आडून तिचा काही अंश जिवंत राहिला. एकाच देशात, एकाच पार्लमेंटखाली, समुद्राच्या दोन बाजूंना हक्कांची दोन मापे.

हे कागदी नाही हे दोन निकालांनी दिसले. हिंसाचाराच्या काळातील गुन्ह्यांबाबत सशर्त अभय देणारा २०२३ चा कायदा पीडितांच्या कुटुंबीयांनी आव्हानित केला, तेव्हा बेलफास्टच्या उच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०२४ रोजी त्यातील अभयाच्या तरतुदी कलम २ शी विसंगत म्हणून निष्प्रभ ठरवल्या. त्याच वर्षी १३ मे रोजी बेकायदा स्थलांतर कायद्याच्या अनेक तरतुदी त्याच न्यायालयाने उत्तर आयर्लंडपुरत्या निष्प्रभ ठरवल्या. तिथे अर्जदार होते मानवी हक्क आयोग आणि आश्रय मागणारा सोळा वर्षांचा एक इराणी मुलगा. आपल्याकडे संविधानाच्या अनुच्छेद १३ खाली कायदा रद्द होण्याची बातमी आपण चहाबरोबर वाचतो, त्यामुळे या निकालांचे नवल आपल्याला चटकन वाटत नाही. पण जिथे पार्लमेंट सर्वश्रेष्ठ हा पहिला धडा आहे, तिथे एका प्रांतातल्या न्यायाधीशाने पार्लमेंटचा कायदा बाजूला ठेवावा, आणि तेही संघातून बाहेर पडण्याच्या करारातूनच मिळालेल्या अधिकाराने, ही मोठी गोष्ट आहे. सरांनी हा मुद्दा घाईत सांगितला नाही. पाटीवर एका बाजूला लंडन, दुसऱ्या बाजूला बेलफास्ट लिहून प्रत्येक निकालाचा प्रवास त्यांनी बाणांनी दाखवला, अभयाच्या कायद्याचे प्रकरण पुढे अपिलात आणि तिथून लंडनच्या सर्वोच्च न्यायालयात कसे गेले तेही सांगितले, आणि शेवटी जो माणूस केवळ ‘माझ्यावर अन्याय झाला’ असे म्हणेल त्याचा अर्ज या कलमाखाली टिकणार नाही, हे बजावले. हक्क १९९८ च्या करारातल्या भागात बसला पाहिजे, ३१ डिसेंबर २०२० रोजी त्याला युरोपीय कायद्याचा आधार असला पाहिजे, आणि झालेली घट संघ सोडल्यामुळे झालेली असली पाहिजे. ही साखळी सिद्ध करणे हेच खरे काम. या एका संध्याकाळीच शुल्क वसूल झाले असे मी म्हणेन.

चौथा शनिवार मात्र वाया गेला म्हणावा इतका मालाच्या विषयावर गेला. ब्रिटनहून उत्तर आयर्लंडमध्ये येणाऱ्या मालाची हिरवी मार्गिका, लाल मार्गिका, १ ऑक्टोबर २०२३ पासूनची नवी पद्धत, कोणत्या खोक्यावर कोणती चिठ्ठी: या साऱ्याला दीड तास. दुधाचे उदाहरण चांगले होते, हे मान्य करतो. उत्तरेतल्या गोठ्यांमधले सुमारे एक तृतीयांश दूध प्रक्रियेसाठी सीमेपलीकडे जाते, आणि एकदा टाकीत मिसळले की त्या लोण्याचे मूळ कोणत्या देशाचे सांगायचे हा व्यापार करारांत खराच प्रश्न होतो. कात्रजच्या टाकीत कोणत्या तालुक्याचे दूध आहे हे जसे कोणी सांगू शकत नाही, तसेच हे. पण सॉसेजविषयी वीस मिनिटे ऐकण्यासाठी मी पावसात आलो नव्हतो. मालाच्या व्यवस्थेला पुढे चालू ठेवण्याचा ठराव उत्तर आयर्लंडच्या विधानसभेने १० डिसेंबर २०२४ रोजी ४८ विरुद्ध ३६ मतांनी संमत केला, ही एक गोष्ट हक्कांच्या दृष्टीने महत्त्वाची होती, कारण हे मतदान मालाच्या कलमांवर होते, कलम २ त्याच्या बाहेर राहते. ती एका वाक्यात आली आणि गेली.

ज्या विषयाला खरोखर वेळ हवा होता, त्याला शेवटची बारा मिनिटे मिळाली. तो विषय म्हणजे हुकूमनाम्याची अंमलबजावणी. आमच्या कोर्टात म्हण आहे की दावा जिंकणे सोपे, खरा दावा दरखास्तीपासून सुरू होतो. स्ट्रॅबेनच्या गवंड्याने पूल ओलांडून लिफर्डमध्ये घराचे वाढीव बांधकाम केले आणि मालकाने पैसे बुडवले, असे समजा. संघात असताना त्याने उत्तरेत मिळवलेला निकाल युरोपीय नियमांनुसार प्रजासत्ताकात वेगळ्या परवानगीविना बजावता येत असे. लहान रकमांसाठी सोपी युरोपीय कार्यपद्धतीही होती. ३१ डिसेंबर २०२० नंतर सुरू झालेल्या प्रकरणांसाठी ते दार बंद झाले. ब्रिटनने एकमेकांचे निकाल मान्य करण्याविषयीच्या लुगानो करारात शिरण्यासाठी अर्ज केला, त्याला युरोपीय संघाने होकार दिला नाही. त्याच विषयावरचा २०१९ चा हेग निकाल करार ब्रिटनसाठी १ जुलै २०२५ रोजी अमलात आला, पण तो त्यानंतर दाखल झालेल्या दाव्यांना लागू. मधल्या साडेचार वर्षांत दावा दाखल केलेल्या गवंड्याने नदीच्या पलीकडे, चालत दहा मिनिटांवर, आपला निकाल जुन्या सामान्य कायद्याच्या खटाटोपाने बजावून घ्यायचा. हक्क गेला नाही, घराची भिंतही उभी आहे. पैसे वसूल करण्याचा रस्ता तेवढा लांबला, आणि लहान रकमेसाठी लांब रस्ता म्हणजे रस्ता नसण्यासारखेच.

याला जोडून मी वर्गात एक गोष्ट सांगितली, ती सरांच्या वहीत नव्हती आणि त्यांनी मोकळेपणाने लिहून घेतली. आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४अ खाली युनायटेड किंगडम हा परस्पर मान्यतेचा प्रदेश आहे. त्यामुळे बेलफास्टच्या उच्च न्यायालयाचा पैशाचा हुकूमनामा शिवाजीनगरला थेट दरखास्त लावून बजावता येतो. आयर्लंड प्रजासत्ताक त्या यादीत नाही, म्हणून डब्लिनच्या निकालावर आपल्याकडे नव्याने दावा लावावा लागतो. म्हणजे बेलफास्टच्या हुकूमनाम्याला काही बाबतीत लिफर्डपेक्षा पुणे जवळ होते. वर्ग हसला, पण गवंड्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहिले तर यात हसण्यासारखे फारसे नाही.

आता व्यवस्थेविषयी. सभागृह पहिल्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, आणि वर्गात निम्म्याहून अधिक लोक साठीच्या पुढचे होते. ध्वनिवर्धक दोन शनिवार कुरकुरत राहिला. ध्वनिचित्रमुद्रण देण्याचे आश्वासन होते. तिसऱ्या संध्याकाळच्या, म्हणजे सर्वांत मोलाच्या, मुद्रणात चित्र आहे आणि आवाज नाही. कार्यालयाने दुरुस्त प्रत देतो म्हटले, ती अजून आलेली नाही. पत्रकात स्पेनला लागून असलेल्या जिब्राल्टर या ब्रिटिश प्रदेशाचा उल्लेख ठळक होता. प्रत्यक्षात ९६ टक्के लोकांनी संघात राहण्याचा कौल दिलेल्या आणि रोज सुमारे पंधरा हजार कामगार सीमा ओलांडून जिथे येतात त्या जागेला सात मिनिटे मिळाली.

आणि बेळगाव. पुण्यात सीमेवर कोणतेही व्याख्यान असो, तिसऱ्या मिनिटाला बेळगाव निघते, हे गृहीत धरून सूत्रधारांनी वेळ आखायला हवा होता. दुसऱ्या शनिवारी एका श्रोत्याने ८६५ गावांचा प्रश्न उपस्थित केला आणि चाळीस मिनिटे गेली. सरांचे उत्तर मात्र ऐकण्यासारखे होते. महाराष्ट्राचा २००४ चा दावा अनुच्छेद १३१ खाली सर्वोच्च न्यायालयात पडून आहे, भाषेच्या संदर्भात अनुच्छेद ३४७, ३५०अ आणि ३५०ब यांचा आधार मराठी माणूस तिथे घेऊ शकतो, पण रेषा कोणत्याही बाजूला सरकली तरी त्याचे नागरिकत्व, देशभर राहण्याचा व काम करण्याचा हक्क आणि शेवटचे न्यायालय बदलत नाही. संघ एकच असतो तेव्हा सीमेचे दुःख भाषेचे आणि कारभाराचे असते, त्याची खोली कमी नसते. पण दारे जागच्या जागी असतात. माझी सूचना अशी की पुढच्या तुकडीत तुलनेसाठी ब्रह्मदेश घ्यावा. १ एप्रिल १९३७ रोजी तो ब्रिटिश हिंदुस्थानातून वेगळा झाला आणि नागा मुलुखातून जी प्रांतिक रेषा जात होती ती पुढे दोन देशांची सीमा झाली. नागालँडमधील लोंगवा गावाच्या अंघाचे, म्हणजे प्रमुखाचे, घर त्या रेषेवर आहे, अर्धे भारतात आणि अर्धे म्यानमारमध्ये. दोन्ही बाजूंच्या लोकांना व्हिसाविना १६ किलोमीटरपर्यंत ये-जा करू देणारी व्यवस्था बंद करण्याची घोषणा केंद्रीय गृहमंत्र्यांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये केली. आयर्लंड समजून घेण्यासाठी हे उदाहरण बेळगावपेक्षा अधिक जवळचे आहे.

भाचीचा प्रश्न मी पहिल्याच शनिवारी विचारला होता. ‘‘पुढच्या वेळी घेऊ’’ असे तीनदा ऐकले. वर्गातल्या सात जणांची मुले-नातवंडे डब्लिन किंवा बेलफास्टला आहेत हे हजेरीच्या वेळी कळले असताना, ब्रिटिश नाही, आयरिश नाही आणि युरोपीयही नाही अशा माणसावर एकही स्वतंत्र तास ठेवला नाही, हा या वर्गाचा मला सर्वांत मोठा दोष वाटतो. शेवटच्या दिवशी मी जिन्यात सरांना गाठले. त्यांनी तिथेच, कठड्यावर वही टेकवून, तिच्या मागच्या पानावर उत्तर लिहून दिले. समान प्रवास क्षेत्र हे ब्रिटिश आणि आयरिश नागरिकांसाठी आहे. आयर्लंडचा रहिवासी परवाना असला तरी भारतीय पासपोर्टला ब्रिटनचा व्हिसा लागतो, आणि बस मधल्या टप्प्यावर न थांबता गेली तरी लागतो. भारतीय पर्यटकांना दोन्ही देशांत एकाच व्हिसावर फिरू देणारी योजना आहे, पण ती अल्पमुदतीच्या पाहुण्यांसाठी, तिथे नोकरी करणाऱ्यांसाठी नव्हे. खाली त्यांनी दोनदा अधोरेखित करून लिहिले होते, ‘‘हे ब्रेक्झिटने झालेले नाही. १९७२ च्या ब्रिटिश आदेशातली तरतूद आहे.’’

इतक्या शनिवारांत जे पदरात पडले नाही ते या चार ओळींत पडले, आणि प्रत्येक गोष्टीचे खापर एकाच घटनेवर न फोडण्याची ही शिस्त मला सरांच्या संपूर्ण शिकवण्याहून अधिक आवडली. मी पानाचे छायाचित्र भाचीला पाठवले. डोनेगल उरलेल्या प्रजासत्ताकाला बंडोरनच्या बाजूने जमिनीच्या एका अरुंद पट्टीने जोडलेले आहे. आता ती डब्लिनला त्या पट्टीवरून, स्लायगोमार्गे जाते. वळसा मोठा आहे आणि मध्ये बस बदलावी लागते. तिच्यासोबत काम करणारी आयरिश मैत्रीण जुन्याच बसने, स्ट्रॅबेनवरून जाते आणि तिच्या आधी पोहोचते.